काठीच्या टोकाहून बारीक फट

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मुरगूडच्या आमच्या घराचं परस तिला तुटलं. मागच्या दारातून खाली उतरायला पाच उंच पायऱ्या होत्या. परसाच्या कुंपणाशी उभं राहून पलीकडच्या काकूंशी बोलायचं, हा तिचा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. आता काकू घरात येऊन बसायच्या, चहा व्हायचा, पण हातात काम आणि मध्ये कुंपण नसलं की त्या दोघींना बोलायला काही सुचायचंच नाही.

माझे वडील, आमचे आण्णा, साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी ठरवलं, मागच्या उंबऱ्याच्या पातळीत थेट कुंपणापर्यंत लाकडी कट्टा बांधायचा, आणि तोही स्वतः. मुरूम भरून दगडी कट्टा घाला, असं सगळ्या गल्लीनं सांगून पाहिलं. दगड तापतो आणि ती अनवाणी चालते, एवढं बोलून ते विषय संपवायचे.

मी तेव्हा कोल्हापुरात नोकरीला होते. रविवारी घरी आले, की टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. न्हाणीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं सगळं काढलं होतं. खाली खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि वर फळ्या. कड्यांमधलं अंतर त्यांनी इतक्यांदा पुसलं की भिंत काळी झाली. पायाखाली फळी लवली तर आई घाबरेल, म्हणून ते दोन कड्यांवर फळी टाकून मला उड्या मारायला लावायचे. कळती सवरती नोकरदार बाई मी, आणि गल्ली मजा बघत उभी.

फळ्यांमधून पावसाचं पाणी खाली जायला फट हवी होती, पण तिच्यात आईची काठी अडकायला नको. मग त्यांनी काठीच काढून नेली आणि टोकाचं माप घेत बसले. मी आता रांगू का, असं आई आतून विचारत राहिली.

घोडं पेंड खात होतं ते लाकडापाशी. आमच्या बांधावरची बाभूळ तोडलेली. ती पाण्यात मुरवली नाही तर किडते, म्हणून ओंडके विहिरीत टाकलेले. खांबांचे, तुळयांचे आणि कड्यांचे आधी काढले, सांगाडा उभा राहिला. फळ्यांचे मात्र दसऱ्याशिवाय काढणार नाही, असा आण्णांचा हट्ट.

"लाकूड मुरायच्या आधी मीच मुरीन की," आई म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी काकूंचा आवाज ऐकून ती उंबऱ्याशी आली आणि मागं फिरायला तयार होईना. आण्णांनी चिडत चिडत पलंगाच्या फळ्या उचकटून कड्यांवर टाकल्या, वर खुर्ची ठेवली. आईनं शेंगा सोलायला मांडीवर सूप घेतलं. पलीकडे काकू तांदूळ निवडत उभ्या. अंधार पडेपर्यंत त्या बोलत होत्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, स्वयंपाकात होते. ती संध्याकाळ मला अजून परत हवी आहे, आणि या वेळी मी चूल बंद ठेवीन.

दुसऱ्या दिवशी फळ्या पलंगाला लागल्या. आता नीट झाल्यावरच बस, असं आण्णांनी बजावलं.

श्रावणात साध्या तापाचं निमित्त होऊन आई गेली. दसऱ्यानंतर विहिरीतून लाकूड निघालं, तेव्हा मला त्याचा इतका राग आला की मी हातही लावला नाही. आण्णा मात्र एकेक फळी ठोकत होते, दर वेळी फटीवर काठीचं टोक टेकवून, आत जात नाही ना ते बघत. मी म्हटलं, फट मोठी ठेवा, पाणी लवकर जाईल, आता काठी घेऊन कोण चालणार आहे?

"माप तिचं हाय," ते म्हणाले. "त्यात बदल न्हाय."

शेवटची फळी कुंपणापाशी बसली त्या संध्याकाळी काकू सवयीनं सूप घेऊन तिथं आल्या आणि कट्टा बघून थांबल्या. आण्णा आत गेले, आईची खुर्ची आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि स्वतः खाली फळीवर बसले. मग काकू तांदूळ निवडायला लागल्या.