रुमालाआडचा भाऊ

धाकट्या भावाच्या खोलीत चित्रकादंबऱ्यांचं एक कपाट आहे. पोलिसांना जमत नाही ते मुखवटा घातलेला एक माणूस करतो, बहुतेकांचा विषय हाच. त्या मीही वाचायचे आणि मग आमचा वाद व्हायचा.

"न्यायच करायचाय तर हा तोंड का लपवतो?"

"ताई, तोंड दिसलं की लोक माणूस बघतात, काम बघत नाहीत."

"आणि चुकला तर?"

"तो चुकत नाही. पुढच्या पानावर कळतंच की."

माणमधली आमची बरीचशी शेती आयटी पार्कात गेली. उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाड्याच्या खोल्या बांधल्या. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका इंजिनियर मुलाचा लॅपटॉप गेला आणि संशय शेजारच्या खोलीतल्या वायरमनवर आला. संध्याकाळी, रुमालांनी तोंडं बांधलेल्या चौघांनी त्याला नळापाशी मारलं. मी गॅलरीत होते. चौघांतल्या एकाचा डावा पाय किंचित बाहेर पडत होता. लहानपणी सायकलवरून पडून तो मोडला, तेव्हा प्लॅस्टरवर मीच चित्रं काढली होती. मी आत गेले आणि दार लावलं.

आठवड्याने लॅपटॉप कंपनीच्या कॅबमध्ये सापडला. त्या मुलाने तसं घरी येऊन सांगितलं. तोवर वायरमन खोली सोडून जवळच्या नांदे गावी राहायला गेला होता. भावाने पुन्हा कपाट उघडलं नाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

यंदा तो काविळीने गेला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग मागे राहिलेल्यांनी ती पुरी करायचा शब्द द्यायचा.

"तुझी गाडी कुणालाच देत न्हाई. शीव आता," चुलते म्हणाले.

"आईला आमी संबाळू," काकू म्हणाली.

"लई हट्टी! जित्तेपणी तरी कुटं ऐकायचा?" मागून कोणीतरी म्हणालं. थोडे हसले.

त्या चौघांतले उरलेले तिघं, त्याचे रोजचे मित्र, तिथेच उभे होते, उघड्या चेहऱ्यांनी. मी पुढे झाले. "वायरमनची माफी मी मागेन. मारणाऱ्यांत तू होतास, हे सांगून."

चुलत्यांनी घाईने दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. "झालं. चला, ऊन लई झालंय."

रविवारी नांद्याला गेले. वायरमनने सगळं ऐकून घेतलं.

"मला तवाच कळलं होतं, ताई. रोज मोटर लावायला हाक मारणारा आवाज रुमालानं बदलतोय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"खोली तुमची, गाव तुमचं." मग त्याने विचारलं, "लॅपटॉप सापडल्याचं गावात कुणी सांगितलं का?"

कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

परतताना देवळाच्या फळ्यापाशी थांबले. दशक्रियेची सूचना अजून पुसलेली नव्हती. तिच्याखाली खडूने लिहिलं: लॅपटॉप कॅबमध्ये सापडला होता. वायरमनने चोरी केली नव्हती. त्याला मारणाऱ्यांत माझा भाऊ होता आणि मी ते गॅलरीतून पाहिलं होतं.

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.