बिबियान कुणाकडे मागत नाही

बिबियानच्या तोंडाला लागू नये, असं कासामान्सच्या आमच्या खाडीकाठी नव्या सुनेला पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. पुढं तीच सून लावणीला बिबियानच्या शेजारची ओळ धरते, ही गोष्ट वेगळी.

बिबियान लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं टोपलीत आपल्या घरच्या भाताच्या लोंब्या घालून दिल्या होत्या. खाऱ्या पाण्यात तग धरणारा लाल भात होता, उशिरा येणारा उंच भात होता, आणि एक काळ्या कुसळांचा, त्याला तिच्या पणजीचं नाव होतं. आमच्याकडे बियाणं आईकडून लेकीकडे जातं. पुरुषानं लांब दांड्याच्या फावड्यानं चिखल उलटून वरंबे घालायचे. बाईनं लावणी करायची आणि पिकल्यावर लहान सुरीनं एकेक लोंबी कापायची. पेंढ्या चुलीवरच्या माळ्यावर जातात, धुरात राहतात, किडीची बिशाद नसते. त्या माळ्यावर घरधनिणीखेरीज कुणी चढत नाही, नवराही नाही. आत किती आहे हे विचारणं म्हणजे तिची अब्रू काढणं.

मग पावसाळा आखूड होत गेला. हे बिबियानही नाकारत नाही. लागोपाठ दोन वर्षं उशिराचा भात पोटरीतच वाळला. तेव्हा शहरातून योजनेचे साहेब नवं बियाणं घेऊन आले. बुटका भात, लवकर हाताशी येणारा. गावाची संस्था निघाली आणि बिबियानचा नवरा जिबालेन तिचा अध्यक्ष झाला. माणूस मुळात भला, पण खुर्ची मिळाली की भल्याभल्यांची मान ताठ होते.

त्या वर्षी बिबियाननंही नवा भात लावला. पीक उत्तम आलं, खोटं कशाला बोला. पण बुटक्या भाताची पेंढी बांधता येत नाही, हात लावला की दाणे गळतात. तो यंत्रानं खाचरातच झोडला, गोण्या भरल्या आणि त्या संस्थेच्या गोदामात गेल्या. किल्ली अध्यक्षांच्या कमरेला. बियाण्याला राखलेल्या पेंढ्या सोडल्या तर माळे रिकामे राहिले. बायकांना आधी बरंच वाटलं, चढउतरीचे कष्ट वाचले म्हणून.

कोरड्या दिवसांत बिबियानची धाकटी बहीण पलीकडच्या बेटावर वारली. मयताला जाताना बाई डोक्यावर भाताची टोपली घेऊन जाते. रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात पाऊल टाकणाऱ्या बाईला आमच्यात कुणी माणसात धरत नाही. होडी काठाला थांबली होती. जिबालेन सावरीच्या झाडाखाली चौघांत ताडी पीत बसला होता. बिबियान टोपली घेऊन गेली आणि तिनं किल्ली मागितली.

"किती हवाय?" त्यानं विचारलं.

परक्या पुरुषांसमोर विचारलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. संस्थेचा नियमच तसा होता. बिबियाननं टोपली त्याच्या पुढ्यात उपडी घातली आणि मोकळ्या हातांनी होडीत जाऊन बसली. बहिणीच्या घरी कुणी तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. परतताना ती होडीत हमसून रडली. त्यातलं बहिणीसाठी किती आणि शरमेपायी किती, हे तिचं तिलाच कळेना.

पाऊस लागायच्या आधी तिनं सांगून टाकलं, माझ्या खाचरात माझाच लाल भात. तो लवकर येतो, त्याला पावसानं फारसा दगा दिलेला नाही.

जिबालेन गांगरला. "रेमीची आई, अध्यक्षाच्याच बायकोनं नवं बियाणं नाकारलं तर साहेब काय म्हणतील?"

"साहेबांना विचार, त्यांच्या बायकोला घरात जेवण वाढायला किल्ली लागते का."

"मग तुझं खाचर मी उलटणार नाही."

"नको उलटू."

त्याला वाटलं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं त्याचंच फावडं खांद्यावर टाकलं आणि गावादेखत चिखलात उतरली. बाईच्या हातात फावडं आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. बांधावर पुरुष जमले. आता नवऱ्याला चुलीपुढं बसव, म्हणून एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला. बिबियाननं मानही वर केली नाही. "बसवते की आजोबा," ती म्हणाली, "साहेबांपुढं वाकून वाकून त्याची कंबर चांगली मोकळी झालीय."

तिचे वरंबे वाकडेतिकडे झाले, तळहातांना फोड आले, दिवसही पुरुषाच्या दुप्पट गेले. पण बरंचसं खाचर उलटलं, वरचा एक तुकडा तेवढा राहिला.

लावणीच्या दिवशी बायकांची टोळी संस्थेच्या खाचरांत उतरायची होती. नव्या भाताची उपटलेली रोपं जुड्या बांधून तयार होती. टोळीची म्होरकी कानी तिथवर आली, जुड्यांकडे पाहिलं, लुंगी गुडघ्यावर खोचली आणि वळून बिबियानच्या चिखलात उतरली. तिच्यामागं सगळ्या उतरल्या. आधी ठरलं होतं का, हे मला विचारू नका; बायकांचं ठरलेलं बायकांतच राहतं. पुरुष जुड्यांशेजारी बसून राहिले. त्यांनी जन्मात एक रोप लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रोपं पिवळी पडू लागली, तरी टोळी बिबियानच्याच खाचरात.

अखेर जिबालेन बांधावर आला. सगळ्यांसमोर त्यानं कमरेची किल्ली सोडली आणि पुढं केली. "घे, तूच ठेव. झालं समाधान?"

बिबियाननं पाठ सरळ केली. किल्लीला तिनं हात लावला नाही.

"ही घेतली तर उद्या कानी माझ्या दारात हात पसरील. मला कुणाची भिकारीण व्हायचं नाही, आणि कुणाची मालकीणही. तुझी रोपं लावू आम्ही. कापूसुद्धा. पण जी कापेल तिच्या घरी भात जाईल. गोणीतून जाईल, नाहीतर पेंढीतून. कुलूप काढ."

जिबालेननं बांधावरच्या पुरुषांकडे पाहिलं. सगळे खाली मान घालून पिवळ्या जुड्या न्याहाळत होते. त्यानं गोदामाकडे जाऊन कुलूप काढलं, आणि परत येताना ते खाडीत भिरकावलं. मग तो चिखलात उतरला. बिबियाननं फावडं त्याच्या हातात दिलं आणि वरच्या राहिलेल्या तुकड्यात कुठून सुरुवात करायची ते बोटानं दाखवलं.