बंधूंनी सुधारलेला क्लच

बरं चाललेलं आमच्या बंधूंना बघवत नाही. माझा धाकटा भाऊ मोटार मेकॅनिक आहे, हातात कसब आहे, हे मीही नाकारत नाही. पण ते हात गप्प बसतील तर शपथ. घरचा पंखा नीट फिरत होता, तो आणखी जोरात फिरावा म्हणून यानं उघडला. तेव्हापासून त्याच्याखाली बसून पेपर वाचता येत नाही. आईच्या शिवणयंत्राला मोटर बसवली, तर यंत्र पुढे पळायचं आणि आई मागून. तेव्हाच आईनं त्याचं नाव ‘सुधारक’ ठेवलं. त्याला अजून वाटतं, ते कौतुक आहे.

मी गाडी चालवायला शिकवते. गाडी एकच, जुनी, माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असलेली. शिकाऊ माणूस क्लच अर्धवट दाबून ठेवतो, घाबरला की वर रेस देतो, आणि आतली प्लेट जळते. मग गाडीभर तो करपट वास. प्लेट बदलायची म्हणजे भावानं गाडीखाली आडवं होऊन अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. मागे एकदा प्लेट जळली, तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं, की बाबा रे, नेहमीची प्लेट टाक आणि गाडी दे. नेहमीची, असं दोनदा म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

गाडी परत आली ती माझ्याकडे शिकणाऱ्या टेम्पोवाल्या काकूंच्या लायसन्सच्या परीक्षेच्या तोंडावर. या काकूंच्या नवऱ्याची नजर अधू झाली होती. दुकानांना अंडी पोचवायचा त्यांचा छोटा टेम्पो दारात उभा होता. मुलगा म्हणत होता विकून टाकू. काकू म्हणत होत्या मी चालवीन. शेवटी ठरलं, परीक्षा पास झाल्या तर टेम्पो राहील, नाहीतर जाईल. आयुष्यात साधी सायकल न चालवलेली बाई, पण काय जिद्दीनं शिकली! चढावर थांबवलेली गाडी इतकी हळुवार उचलायची, की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली हलायची नाही. मला म्हणायच्या, माझ्या मागे अंडी आहेत असंच मी समजते.

गाडी परत आली त्या दिवशी काकूंनी क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. पेडल तर इतकं जड, की काकूंना सीटवरून पुढे सरकून दाबावं लागत होतं. काकू सारख्या म्हणत होत्या, माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी मी स्वतः स्टिअरिंगवर बसले. इतकी वर्षं गाडी शिकवणारी मी, माझ्याही हातून फाटकातच बंद पडली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तशीच गॅरेजवर गेले. बंधू खुशीत. शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसली प्लेट त्यानं घातली होती, जी एकदम घट्ट पकडते. म्हणे आता जन्मात जळायची नाही. त्यावर कळस म्हणजे फ्लायव्हील. इंजिनामागचं ते जड लोखंडी चाक, जे इंजिनाला फिरतं ठेवतं. जळक्या प्लेटनं त्याचं तोंड खराब झालं होतं, ते साफ करायला लेथवर नेलंच होतं, तर यानं कडाही उतरवून घेतल्या. हलकं झालं की इंजिन चटकन वेग घेतं, असं मला ऐकवत होता. मी म्हटलं, चटकन बंदही पडतं. त्यावर उत्तर काय, तर माणसं रेस कमी देतात. म्हणजे गाडी शहाणी, चालवणारे मूर्ख!

मी म्हटलं, जुनं चाक परत बसव.

“तेच तर आहे हे,” तो म्हणाला. “घासलेलं लोखंड परत कसं चिकटवू?”

प्लेट तरी बदल म्हटलं, तर म्हणे थोडा सराव झाला की पाय बसेल. परीक्षा दुसऱ्या दिवशी. कुठला सराव आणि कुठलं काय! खाजवून खरूज काढावी ती यानंच.

परीक्षेला आमची एकच गाडी होती, तीच नेली. बंधूही आले, आपली करामत बघायला. काकू चढापर्यंत कशाबशा गेल्या. तिथे थांबल्या, गाडी उचलताना बंद पडली आणि मागे घसरली. दुसऱ्यांदा त्यांनी भीतीनं जास्त रेस दिली, तर गाडीनं अशी झेप घेतली की परीक्षकाचं डोकं मागे आपटलं. झालं. नापास.

काकूंचा मुलगा आला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, दोष आईचा नाही, गाडीचा आहे. तो म्हणाला, शिकवणाऱ्या बाई असंच म्हणणार. मग तो भावाकडे वळला आणि त्यानं विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का?

“गाडी एक नंबर आहे,” माझा भाऊ म्हणाला.

काकूंनी मान खाली घातली. मी किल्ली भावाच्या अंगावर फेकली आणि म्हटलं, मग आता घरी तूच ने. तोवर यानं ती चालवली होती फक्त गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर. त्या दिवशी भर बाजारातून आणली. घरी आला तेव्हा शर्ट घामानं भिजलेला, नुसता मांडी चोळत बसला. मी विचारलं नाही आणि तेलही दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो भंगारवाल्यांकडे फिरायला लागला. त्या गाडीचं जड फ्लायव्हील मिळायला फार वेळ गेला. शेवटी मिळालं, तेव्हा नेहमीची प्लेट घालून त्यानं गाडी जोडली आणि मला म्हणाला, चल, काकूंकडे जाऊ.

दारात टेम्पो नव्हता. फरशीवर तेलाचा डाग होता. काकू अंड्यांचे रिकामे ट्रे पुसून रचत होत्या, कुणाला तरी द्यायचे म्हणून. भावानं किल्ली पुढे केली. त्या मला बघून हसल्या, हात पदराला पुसले आणि गाडीत बसल्या. गाडी अलगद निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळून आली, दारात थांबली. एक गचका नाही.

“काकू, तुमचं काही चुकलं नव्हतं,” भाऊ म्हणाला. “गाडी मी बिघडवली होती.”

बिघडवली हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. काकूंनी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

“हे त्या दिवशी माझ्या मुलाला सांगायचं होतंस रे,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ट्रे पुसायला बसल्या.