ताईच्या चालण्यावर माझी देखरेख

माझी मोठी बहीण शकुताई स्तनाच्या कर्करोगातून पूर्ण बरी झाली आणि त्यामुळे आमच्या घरात मोठी अडचण निर्माण झाली.

आजारपणात सगळं सुरळीत चाललं होतं. रिपोर्टांच्या फायली कोणी धरायच्या, परळच्या रुग्णालयात सकाळी सहाला नंबर कोणी लावायचा, डाळिंबं कोणी सोलायची, हे ठरलेलं होतं. मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ठीक आहात. आता सहा महिन्यांनी या." ताईने त्यावर लगेच विश्वास ठेवला. आम्ही ठेवला नाही. एवढ्या तयारीच्या घरातून रुग्णच निघून जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

ताई त्रेसष्ट वर्षांची. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही. तिने आमच्या परळच्या फ्लॅटमध्ये कायमचं राहायला यावं, असं मी आणि माझ्या बायकोने, सुषमाने, ठरवलं. (ताईला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.) लहान खोली रिकामी केली, पलंग हॉलमधून दिसेल असा लावला.

"मी दिसायला कशाला हवी आहे तुम्हाला?" ताईने विचारलं.

"म्हणजे लक्ष राहतं," मी म्हणालो.

"पस्तीस वर्षं वर्गावर मी लक्ष ठेवलं, दिनू. ज्याच्यावर ठेवतात त्याला काय वाटतं ते मला माहीत आहे."

हा वाद महिनाभर चालला. शेवटी ताईने एक पत्रक माझ्यासमोर टाकलं. स्तनाच्या कर्करोगाच्या गरजू रुग्णांसाठी निधी गोळा करणारी रात्रभराची पदयात्रा. गिरगाव चौपाटीहून सात रस्ता, चिंचपोकळी, लालबाग, परळ, दादर आणि परत परळच्या मैदानावर. चौदा किलोमीटर.

"मी हे चालले, तर मी गिरगावात राहणार आणि हा विषय कोणी पुन्हा काढायचा नाही. नाही चालले, तर बुधवारी टेंपो पाठव."

मी अटी लेखी घेतल्या. तीस वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, तोंडी गोष्टींवर माझा विश्वास नाही. पहाटे साडेपाचपर्यंत पूर्ण अंतर, वाहन नाही, कोणी हात धरायचा नाही. साक्षीदार म्हणून मी सोबत चालायचं. शेवटची अट माझी होती, कारण ताई लालबागच्या पुढे जाणार नाही अशी माझी खात्री होती आणि तो क्षण मला जातीने पाहायचा होता. टेंपोवाल्याशी मी आधीच बोलून ठेवलं.

मंगळवारी सुट्टी होती, म्हणून आयोजकांनी सोमवारची रात्र निवडली होती. साडेअकराला चौपाटीवर सगळ्यांना गुलाबी टी-शर्ट मिळाले. मी या प्रसंगासाठी नवे बूट घेतले होते. ताईने तिच्या जुन्या चपला घातल्या होत्या.

"नवे बूट लांब चालायला घालत नाहीत," ती म्हणाली.

"हे खास चालण्याचेच आहेत. दुकानदाराने सांगितलंय."

"मग त्याला आणायचं होतंस सोबत."

ग्रँट रोडपर्यंत मी ताईच्या तब्येतीकडे लक्ष ठेवून होतो. मुंबई सेंट्रलपासून माझं लक्ष माझ्या उजव्या टाचेकडे गेलं. सात रस्त्याला पोचेपर्यंत दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. ताईने पर्समधून पट्ट्या काढून दिल्या.

"लाव सावकाश. मी पुढे होते. माझी लय तुटते थांबलं की."

"पण मी साक्षीदार आहे."

"मग ये की मागून. मी काय पळून जातेय?"

ती गेली. पट्ट्या लावून उठायला मला दहा मिनिटं लागली. समोरून गुलाबी टी-शर्टांचा मोठा घोळका चालला होता. मी त्यात शिरलो आणि ताईला गाठायला निघालो.

सात रस्त्याला नावाप्रमाणे सात रस्ते आहेत. त्यांतला आमचा कोणता, हे पाहण्याची गरज मला वाटली नाही. टी-शर्ट गुलाबी होते, लोक चालत होते, रात्र होती. यापेक्षा अधिक पुरावा कशाला हवा?

काही बदल मात्र टिपले. चौपाटीपासून दहात आठ बायका होत्या. आता दहात आठ पुरुष होते. पुरुषांतही जागृती वाढते आहे, अशी मी मनात नोंद केली. बरेचजण अनवाणी होते. रुग्णांच्या वेदनेशी एकरूप होण्याची ही पद्धत मला जरा जास्त वाटली, पण टाचांच्या दृष्टीने सोयीची होती. मीही बूट काढून हातात घेतले. मधूनच कोणीतरी 'मोरया' म्हणे. त्याचंही काही वाटलं नाही. गिरणगावात माणसं टेंपो सुरू झाला तरी मोरया म्हणतात.

एका टेबलावर साबुदाण्याची खिचडी मिळाली. (आहारतज्ज्ञांचा सल्ला घेतलेला दिसतो, असं मी शेजारच्याला म्हणालोसुद्धा.) शेजारी गावकर नावाचे गृहस्थ होते. मालवणकडचे, सत्तरीचे, पावलं कवायतीसारखी.

"पयल्यांदाच इलास?" त्यांनी विचारलं.

"हो. बहिणीसाठी. कर्करोग होता तिला."

"आता बरां हा ना तिका?"

"बरी आहे पूर्ण."

"मगे झाला तर. चलत इलास, त्याका कळतला."

'त्याला' म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही. कामावर मी याच चुकीसाठी शिकाऊ बातमीदारांना दुपारभर उभं करतो.

एक वाजून दहा मिनिटांनी मी सुषमाला पहिला संदेश पाठवला होता: 'सात रस्ता ओलांडला. ताई सोबत. वेग समाधानकारक.' ताई सोबत नव्हती, पण पुढच्या पाच मिनिटांत सोबत असणार होती, त्यामुळे ही चूक नसून आगाऊ बातमी होती. दोन वाजले तरी ताई दिसेना. फोन लावला, तिचा बंद. आता सुषमाला खरं सांगायचं, तर साक्षीदारच हरवला असं झालं असतं आणि मी घातलेली अट मीच मोडली असती. त्यापेक्षा मी दुसरा संदेश लिहिला: 'ताई थकली आहे. मी धीर देतोय.'

सुषमाचं उत्तर आलं: 'पाणी विचारा त्यांना.'

मी लिहिलं: 'विचारलं. एक घोट घेतला.'

सव्वादोनला आमचा घोळका लोखंडी कठड्यांमध्ये शिरला आणि चालण्याऐवजी सरकू लागला. गर्दीचं नियोजन चांगलं होतं. कठड्यापाशी एक तरुण स्वयंसेवक होता. मी त्याला विचारलं, "आता पुढचा टप्पा परळ ना?"

"परळ?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, पुढचा टप्पा गाभारा."

मी मान वर केली. समोर प्रभादेवीच्या गणपतीचा कळस होता. मग मान खाली केली आणि पुढच्या माणसाची पाठ वाचली. टी-शर्ट गुलाबीच होता, पण त्यावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अंगारकी पदयात्रा'. दुसऱ्यांचा मजकूर वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. हा मजकूर तासभर माझ्या नाकापुढे दोन फुटांवर चालत होता.

मी मागे वळलो. मागे किमान दोन हजार माणसं होती आणि त्यांच्यापैकी कोणालाही उलट दिशेत रस नव्हता.

"आता मागे जावंक गावचा नाय," गावकर शांतपणे म्हणाले. "दर्शन घेवनच भायर."

मी कठड्यापलीकडच्या हवालदाराला हाक मारली. "साहेब, मला बाहेर जाऊ द्या. मी चुकून आलोय."

"अंगारकीला चुकून कोणी येत नाही."

मी ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उजेडात धरून वाचलं.

"पेपरात आहात?"

"हो."

"आणि आज अंगारकी आहे हे माहीत नव्हतं?"

(दैनिक पंचांगाच्या चौकटीचं मुद्रित त्याच संध्याकाळी सात वाजता मी तपासलं होतं. तिथे एक अनुस्वार सुधारल्याचं आठवतं. 'अंगारकी' हा शब्द बरोबर होता, त्यामुळे त्याची दखल घेतली नाही.)

हवालदाराने ओळखपत्र परत दिलं आणि पुढे सरकायची खूण केली. आता माझ्याकडे वेळच वेळ होता. रांग पाच मिनिटांत एक पाऊल जात होती. तळपाय तापले होते, टाचा ठणकत होत्या. साडेतीनला मी तिसरा संदेश पाठवला: 'ताईला बसवलंय. पाय सुजलेत. पुढे जाणं कठीण दिसतं. टेंपोवाल्याला सकाळी फोन कर.' यातला पायांचा मजकूर खरा होता. फक्त पायांचा मालक बदलला होता.

सुषमाने लिहिलं: 'बरं. सांभाळा त्यांना.'

ते वाचून मला थोडी लाज वाटली. पण मग मी हिशेबाने विचार केला. ताई त्रेसष्टची, गेली दोन वर्षं उपचारांत गेलेली, रात्रीचे चौदा किलोमीटर. ती कुठेतरी बसली असणारच. मी फक्त जागा आणि वेळ अंदाजाने भरले होते.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी दर्शन झालं. मला नेमकं काय मागावं हे कळेना. ताई हरावी, असं मागायला मी तिथवर आलो होतो की काय, असा एक प्रश्न पुजाऱ्याने पुढे ढकलेपर्यंत मनात येऊन गेला. बाहेर पडलो तो दुसऱ्याच गल्लीत. बूट रांगेच्या सुरुवातीला ठेवायला लावले होते आणि तिथे परत जायचं तर पुन्हा रांग लावावी लागली असती. मी अनवाणी टॅक्सी पकडली.

"परळ. लवकर."

"लाडू सांभाळा," टॅक्सीवाला म्हणाला. "सीटला तूप लागतं."

मैदानाच्या अलीकडे एक गल्ली असताना मी उतरलो, म्हणजे चालत आलो असं दिसेल. त्या गल्लीतलं अंतर फार तर दीडशे मीटर. ते पार करायला मला बारा मिनिटं लागली. पाच वाजून पाच मिनिटांनी मी मैदानात शिरलो.

ताई खुर्चीवर बसून केळं खात होती. शेजारी थर्मास घेऊन सुषमा.

"आलात?" सुषमा म्हणाली. "ताईंना कुठे सोडून आलात?"

मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो.

"नाही, मघाशी तुम्ही बसवलं होतंत ना त्यांना. उठल्या का मग?"

झालं होतं ते असं. पदयात्रा आमच्या इमारतीखालून जाणार होती, म्हणून सुषमा पावणेदोनला चहाचा थर्मास घेऊन खाली उभी राहिली. ताई एकटीच येताना दिसली. मी मागून येतोय, असं ताईने सांगितलं. दोघी माझी वाट पाहत चहा पीत असताना संदेश आला, की ताई थकली आहे आणि मी तिला धीर देतोय. सुषमा मला फोन लावणार होती. ताई म्हणाली, "राहू दे गं. बघू तरी, अजून किती लिहितोय." मग सुषमाही तिच्याबरोबर दादरपर्यंत गेली आणि परत आली. वाटेत दोघींनी माझ्या बातम्यांची वाट पाहिली. थकवा जाणवला नाही, म्हणे.

ताई पाच वाजायला दहा मिनिटं असताना पोचली होती. या आजारातून गेलेल्या बायकांना शेवटची शंभर पावलं सगळ्यांच्या पुढे चालायला सांगितलं होतं. बाकीचे दोन्ही बाजूंना उभे होते. ताई पुढे गेली तेव्हा सुषमा रडली. ताई रडली की नाही, हे सुषमा सांगत नाही. मी ते पाहिलं नाही. बातमीदाराने घटनास्थळी हजर असावं, हे मी तीस वर्षं इतरांना सांगत आलो आहे.

ताईने सुषमाच्या फोनवरचे संदेश शांतपणे मोठ्याने वाचून दाखवले. शेवटचा दोनदा वाचला. मग माझ्या कपाळावरचा शेंदूर, हातातला लाडू आणि अनवाणी पाय, या क्रमाने पाहिलं.

"माझ्यासाठी नवस फेडायला गेला होतास का?"

"चुकून गेलो."

"बरं झालं. मुद्दाम गेला असतास तर मला वाईट वाटलं असतं." तिने केळ्याची साल कचऱ्याच्या डब्यात टाकली. "टेंपोवाल्याला नाही सांग. मी निघते गिरगावला."

मी तिला निरोप द्यायला उठलो आणि पुन्हा बसलो. पाय खाली टेकेना. वैद्यकीय मदतीच्या तंबूतली तरुण डॉक्टर धावत आली. तिने माझे तळपाय पाहिले आणि ताईकडे वळून विचारलं, "काका पेशंट आहेत का?"

"आजपासून," ताई म्हणाली.

"तीन-चार दिवस अजिबात चालू देऊ नका. घरी दिवसभर लक्ष ठेवायला कोणी असतं?"

"मला ऑफिस आहे," सुषमा म्हणाली. तिने हे जरा जास्तच तत्परतेने सांगितलं.

"मग मी नेते गिरगावला," ताई म्हणाली.

"अगं, तिसरा मजला," मी म्हणालो.

"चढशील हळूहळू. मी आहे ना मागे."

कोणी माझं मत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

हे मी गिरगावातून लिहितो आहे. ताई सकाळी भाजी आणते, दुपारी वाचनालयात जाते, संध्याकाळी चौपाटीवर फेरी मारते. काल पाचवा दिवस होता. पाय बरे झालेत, खाली उतरून कोपऱ्यावरून दूध मी आणू का, असं मी तिला विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांना विचारते."