अकरा घरांची आमराई

"हात पुढं कर. अजून खाली."

नाना तांब्या कपाळाइतका उंच धरायचे अन् माझ्या ओंजळीत पाणी सोडायचे. तांब्याला माझा वारासुद्धा लागायला नको. निम्मं पाणी तोंडात, निम्मं कोपरावरून सदऱ्यात. खात्यातले बाकीचे बघायचे, हसायचे. मी पिऊन घ्यायचो. तहान लागायचीच ना राव!

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उठत होते. एका कंपनीच्या नकाशाखात्यात मी ट्रेसर होतो. पेन्सिलच्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं अन् शाईनं तो गिरवायचा, हे माझं काम. नाना आमचे हेड. मी आमच्या महारवाड्यातला पहिला मॅट्रिक. आई-बाप नव्हते, आत्यानं वाढवलेलं. मी कंपनीत लागलो तेव्हा ती सगळ्या वस्तीला सांगत फिरली.

त्या दिवशी कंपनीच्या नव्या जागेचा नकाशा होता. पवनेचा काठ, वर आमची वस्ती. अकरा घरं, अकरा चौकोन. कडेचा चौकोन आत्याच्या घराचा. सगळे शाईनं गिरवले अन् पाणी प्यायला उठलो. परत आलो तो ओलाच. टॉवेलला हात लावायची मला बंदी. तेवढ्यात नाना म्हणाले, "ती पट्टी दे रे इकडं." मी टेबलावरून हात लांबवला अन् कोपरावरचं पाणी कच्च्या शाईवर ठिबकलं. घाबरून बाहीनं पुसायला गेलो. जे चौकोन बरे राहिले होते तेही फिसकटले. त्या कापडाला पाणी लागलं की संपलं, ब्लेडनं खरवडूनही डाग जात नाही. एवढं शिकलेला मी, अन् बाहीनं पुसतोय!

"तुमचा हात लागला की नासलंच!" नाना ओरडले. "उद्या साहेबांची सही आहे. दुसरं कापड नाही. निस्तर, नाहीतर घरी बस."

बसलो निस्तरायला. एक डाग पसरट होता. त्याला खाली बुंधा दिला, झाड झालं. दुसऱ्याला फांद्या काढल्या. एकेक डाग घेत गेलो, संध्याकाळपर्यंत काठावर आमराई उभी राहिली. हात रंगला होता माझा. मजा येत होती. लाज वाटते, पण सांगतो. आणखी एक सांगतो, ते चौकोन गेले म्हणून मला बरं वाटलं. साहेबानं बोट ठेवून विचारलं असतं, "ही कुणाची घरं?", तर मी कुठं तोंड लपवलं असतं?

दुसऱ्या दिवशी सही करताना साहेब म्हणाले, "झाडं सुरेख आलीत."

"माझ्या देखरेखीखाली, साहेब," नाना म्हणाले. तरी माझी छाती फुगली.

चार महिन्यांनी कंपनीची माणसं त्या नकाशाची निळी प्रत घेऊन वस्तीवर आली. सुट्टी होती, मी घरीच.

"नकाशात आमराई आहे. घरं नाहीत. तुम्ही मागाहून घुसलेले," त्यांचा कारकून म्हणाला.

"आमी काय दिसत न्हाई व्हय तुमाला?" आत्या कडाडली. तिनं कागद हिसकावला अन् माझ्या हातात दिला. "तू वाच रं बाळा. तू शिकल्याला. काय हाय त्यात?"

मी कागद उलगडला.

"झाडं हायेत, आत्या," एवढंच म्हणालो.

त्या दिवशी चार घरं पाडली. त्यातलं एक आत्याचं. मी उभा राहून बघितलं.

वस्तीनं अर्ज केला, चौकशी लागली. चौकशीच्या दिवशी सकाळी नानांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. पहिल्यांदाच. "झाडं होती, एवढंच म्हण. तुझं भलं करीन." तो हात मी खाली काढला.

साहेबांपुढं बोललो, "तिथं एक झाड नव्हतं. अकरा घरं होती. झाडं मी काढली, डाग लपवायला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"निस्तर म्हणाले ते नाना. पण हात माझा."

त्याच दिवशी नोकरी गेली. सात घरं वाचली, चार परत आली नाहीत. घर गेल्यावर शेजाऱ्यांच्या पडवीत राहणाऱ्या आत्याला मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं,

"झाड काढताना माझं घर दिसलं न्हाई तुला?"

"दिसलं, आत्या."

माफी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागू?

आता पुढच्या गावांत मोजणी चाललीय. कंपनीची माणसं यायच्या आधी मी तिथं जातो. प्रत्येक घर कागदावर घेतो, घरातल्या बायामाणसांची नावं लिहितो, त्यांनाच मोठ्यानं वाचून दाखवतो अन् खाली माझी सही करतो. परवा कंपनीच्या एकानं दम दिला, हात तोडीन म्हणाला. ये म्हणावं. तोवर हा हात घरंच काढणार.