अण्णांनी घट्ट ओढलेली मॅट

नोकरीसाठी निपाणीहून बंगळूरला आलो, तेव्हा यष्टिरक्षक म्हणून मी स्वतःला बराच शहाणा समजत होतो. कारखान्याच्या मैदानावर पहिल्याच संध्याकाळी एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू माझ्या हनुवटीवर बसला. गोलंदाज शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, "चेंडूकडे काय बघतोस? माझ्या बोटांकडे बघ. सरी?" बोलता बोलता कानडीतले 'सरी', म्हणजे 'बरं का', पेरणारे हेच मारुतीराव इंगळे, आपले अण्णा. पन्नासच्या दशकातली ही ओळख, आणि आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत.

अण्णांना कारखान्याने गोलंदाजीसाठीच कामावर घेतले होते. सकाळी ते यंत्रावर असत, दुपारनंतर मैदानावर. तेव्हा आमच्याकडे हिरवळीची खेळपट्टी नव्हती, काथ्याची मॅट अंथरून खिळे ठोकत. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी अण्णा त्याच लयीत तीन पावले धावत येत आणि भले भले फलंदाज चाचपडत. मागे बसून ते पाहण्याचे सुख माझ्या एकट्याच्या वाट्याला आले. साठच्या दशकाच्या अखेरीस मॅट गुंडाळल्या गेल्या आणि अण्णाही थांबले. त्यानंतर मी पुष्कळ गोलंदाज पाहिले. कुणासाठी गुडघे वाकवावेसे वाटले नाहीत.

एकदा त्यांच्याच चेंडूने माझे बोट मोडले. बोट बरे होईपर्यंत अण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून कामावर नेले. मी अंगाने चांगला भरलेला, त्यामुळे चामराजपेठेतली पोरेटोरे फिदीफिदी हसत. अण्णांना त्याचे काहीच वाटत नसे.

पण ज्या प्रसंगासाठी सारे त्यांना मान देतात, तो वेगळा आहे. राज्याच्या संघासाठी निवड सामना आमच्या मैदानावर होता. वयाकडे पाहता अण्णांची ती शेवटचीच संधी होती. मॅट ढिली असली की चेंडू जास्त वळतो, ताणली की सरळ उसळतो. यजमानांनी आपल्या गोलंदाजाच्या सोयीने ती अंथरायची, हा तेव्हाचा रिवाजच होता, त्याबद्दल कुणी तक्रार करीत नसे. आम्ही ती मजेत ढिली ठेवली होती. अण्णा आले आणि वाकून खिळे उपटू लागले.

"अण्णा, राहू द्या ना! निवड समिती येऊन बसलीय."

"बसू दे. समोरच्या पोराचीपण आज निवड आहे. ये, तिकडून स्वल्प ओढ."

मी चरफडत ओढली. दिवसभर चेंडू वळला नाही. त्या पोराने धावा कुटल्या आणि त्याची निवड झाली. अण्णांना एकही बळी मिळाला नाही, आणि राज्याचे बोलावणे पुन्हा कधी आले नाही.

गेल्या महिन्यात या लेखासाठी मी त्यांच्या जयनगरच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, कॉफी घेऊन आल्या. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवसामुळेच तर लोक तुमच्या पाया पडतात."

अण्णा म्हणाले, "मान ठीक आहे रे. पण मला खेळायचं होतं. एकच सामना. अजून रोज आठवतं."

अक्कांनी कॉफी खाली ठेवली. "इतकी वर्षं मला नाही सांगितलंत ते?"

"सांगून काय, मॅट ढिली होणार होती?"

"मग पुन्हा तीच वेळ आली तर?" मी विचारले.

"घट्टच ओढणार. आणि पुन्हा असंच वाईट वाटून घेणार." डोळे पुसत ते हसले. "लिही हे. लोक मला उगाच साधू समजतात."

म्हणून लिहिले. अण्णांना वाईट वाटले नसेल, असे मीही आजवर धरून चाललो होतो. आता ते मैदान डोळ्यांसमोर आले की जीव तुटतो.

परमेश्वराने अण्णांना आणि अक्कांना निरामय, उदंड आयुष्य द्यावे. आणि त्याच्या हाती असेल, तर त्यातली एक सकाळ अशी द्यावी, की मी यष्ट्यांमागे बसलेला आहे, समोरून अण्णा तीन पावले धावत येत आहेत, आणि मॅट ओढायचे कुणालाही सुचलेले नाही.