इंजिन तापल्यावर आवळायचे बोल्ट

आमच्या घरात मोटारीची डागडुजी करायची ती मीच. सोलापुरात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या जाणणारे मिस्त्री त्याहून कमी. यजमान डॉक्टर. माणसाच्या पोटातलं सगळं त्यांना कळे, पण हातात पाना आला की त्यांचा पैलवान होई. बोल्ट जितका आवळावा तितका चांगला, ही त्यांची ठाम समजूत. जोर पुरेना म्हणून एकदा पान्याला लोखंडी नळी जोडली आणि बोल्टाचं डोकंच तोडलं. त्या दिवसापासून पान्यांची पिशवी माझ्या ताब्यात आली, ती मी परत दिली नाही.

मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचून काढलं होतं. इंजिनाच्या झाकणाचे बोल्ट मधल्यापासून सुरुवात करून, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. बरणीच्या तोंडाला दादऱ्याचं फडकं बांधताना एकच बाजू ओढली तर दुसरी फुगते, तसंच हे. नळीबिळी लावायची नाही. आणि झाकणाखाली नवं पॅकिंग घातलं असेल तर इंजिन चांगलं तापल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण तापलं की पॅकिंग दबतं आणि बोल्ट सैल पडतात.

एका उन्हाळ्यात सकाळी मी अंगणात असंच नवं पॅकिंग घातलं. शेवटचा बोल्ट आवळते न आवळते तोच मैंदर्गीचा एक शेतकरी धापा टाकत आला. त्याची बहीण बाळंतपणात अडली होती. यजमानांनी बॅग उचलली, मी पाने उचलले.

"तू कशाला?"

"वाटेत बोल्ट आवळायचे आहेत."

वाद घालायला वेळ नव्हता. वळसंग मागे पडल्यावर मी गाडी थांबवायला सांगितली.

"परत येताना बघू," ते म्हणाले.

"अहो, थांबलो तर थोडा उशीर होईल. नाही थांबलो तर इंजिन गार ठेवणारं पाणी सैल झाकणाखालून आत शिरेल आणि गाडी माळावरच बसेल. थांबवा."

त्यांनी थांबवली. हाताला पदर गुंडाळून मी मधल्या बोल्टाला पाना लावला. तो सैल झालाच होता. मागे बसलेला तो शेतकरी, त्या बाईचा भाऊ, खाली उतरला.

"बाई, माजी भन तितं तळमळतीया, आन तुमी हितं पाना फिरवताय व्हय?"

मी पाना समोरच्या बोल्टाला लावला. भराभर उरकावं असं वाटलं, पण एक बोल्ट जरी चुकला तरी थांबून काही उपयोग नव्हता. मला भीती वाटत होती, चांगलीच. ती बाई गेली असती तर साऱ्या मैंदर्गीनं माझ्या नावानं बोटं मोडली असती. तरी सगळे बोल्ट झाल्याशिवाय मी गाडीत बसले नाही.

पुढे गाडी कुठं कुरकुरली नाही. मैंदर्गीला यजमान आत गेले, मी ओसरीवर बसले. भाऊ माझ्याकडे पाठ करून उभा होता. बऱ्याच वेळानं आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, मागोमाग यजमान दारात आले.

"दोघंही सुखरूप आहेत. वेळेत पोचलो म्हणून निभावलं."

भाऊ आत गेला नाही. तांब्या भरून घेऊन आला आणि माझ्या काळ्या हातांवर स्वतः पाणी घालू लागला.

"बाई, म्हागारी जाताना बी थांबावं लागतंय का?" खाली बघतच तो म्हणाला. "लागत आसंल तर मी येतो की संगं."

"आता नाही लागत. पक्के बसलेत," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.